चावी कधी द्यायची?

गाडी विकली असं कोणी सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न असतो, "कितीला गेली?" पैसे कसे आले, हे सहसा कोणी विचारत नाही. भावावरून आठवडाभर घासाघीस चालते. टायर किती उरलेत, क्लच कधी बदलला, बंपरवरचा ओरखडा कशाचा, यावर फोनवर फोन होतात. पण पाच-सहा लाख रुपये एका अनोळखी माणसाकडून आपल्याकडे नेमके कसे येणार, हा विषय "करतो ना ऑनलाइन" एवढ्यावर उरकला जातो. डीलरला गाडी दिली तर भाव कमी येतो, म्हणून आपण परस्पर गिऱ्हाईक शोधतो. दलालाचा नफा वाचतो हे खरं, पण त्याच्या डोक्यावरची जोखीमही आपल्याकडे येते.

कायद्याच्या नजरेत मोटार ही चल वस्तू. फ्लॅटसारखं तिचं नोंदणीकृत खरेदीखत होत नाही. तिला लागू होतो तो 1930 चा मालविक्री अधिनियम, किराणा दुकानातल्या तांदळाच्या पोत्याला लागतो तोच. या कायद्यानं विक्रेत्याला एक चांगला हक्क दिला आहे. पैसे मिळाले नसतील तर मिळेपर्यंत माल स्वतःच्या ताब्यात अडवून ठेवता येतो. मात्र हा हक्क ताब्याला चिकटलेला आहे. माल एकदा हातचा गेला की उरते ती फक्त वसुली, म्हणजे वकील, नोटीस आणि तारखा. खासगी विक्रीत पैसा, ताबा आणि आरसीवरचं नाव या तीन गोष्टी हलतात आणि त्या कधीच एका क्षणी हलत नाहीत. पैशाला काही मिनिटं ते काही दिवस लागतात, चावी सेकंदात जाते, नाव बदलायला आठवडे लागतात. फसवणारा माणूस याच मधल्या फटीत काम करतो.

ताबा गेल्यावर काय होतं, याचं उत्तम उदाहरण ब्रिटनमधल्या एका खटल्यात सापडतं. आपल्याकडेही कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो शिकवतात. ब्रिस्टलमधल्या एका विद्यार्थ्यानं आपली ऑस्टिन कूपर विकायला काढली, किंमत 450 पौंड. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसानं आपण रिचर्ड ग्रीन असल्याचं भासवलं. हा रिचर्ड ग्रीन म्हणजे दूरदर्शन मालिकेत रॉबिन हूड झालेला, घरोघरी ओळखीचा नट. त्यानं चेक लिहिला आणि गाडी लगेच न्यायची म्हणाला. विद्यार्थी कचरला, तेव्हा त्यानं पाइनवुड स्टुडिओचा फोटो लावलेला, शिक्का मारलेला पास दाखवला. गाडी आणि कागद दोन्ही गेले. चेकबुक चोरीचं निघालं. तोवर त्या ठगानं गाडी 200 पौंडांना दुसऱ्या एका तरुणाला विकली होती. 1971 मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयानं निकाल दिला: दुसऱ्या तरुणानं प्रामाणिकपणे, पैसे मोजून गाडी घेतली आहे, गाडी त्याची. विद्यार्थ्यानं त्या ठगाला शोधावं.

निकाल कडवट वाटतो, पण आपल्या मालविक्री अधिनियमाच्या कलम 29 चं तत्त्वही हेच आहे. फसवून घेतलेला माल ठगानं पुढे विकला, तोवर मूळ मालकानं व्यवहार रद्द केलेला नसला आणि घेणाऱ्याला फसवणुकीचा पत्ता नसला, तर त्या घेणाऱ्याला चांगला हक्क मिळतो. म्हणजे चेक वटला नाही म्हणून गाडी आपोआप आपलीच राहिली, असं धरून चालता येत नाही. पोलिसांनी ती शोधून जप्त केली तरी कोणाच्या हवाली करायची, हे न्यायालय ठरवतं. इंग्लंडमध्येच आणखी एक खटला झाला, तो जग्वार गाडीचा. त्यात चेक खोटा असल्याचं कळताच मालक त्या दिवशीच पोलिसांत आणि वाहनचालकांच्या संघटनेत धावला होता. त्याची ती धावाधाव न्यायालयानं व्यवहार रद्द केल्याची खूण मानली आणि गाडी त्याची ठरवली. "दोन दिवस वाट बघू, फोन उचलेल" म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

आता पैसे येण्याच्या वाटा बघू. रोख सगळ्यांना सुरक्षित वाटते, कारण नोटा डोळ्यांसमोर मोजता येतात. पण 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यात तरतूद आहे की एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घ्यायची नाही. घेतली तर दंड जेवढी रक्कम घेतली तेवढाच, आणि तो देणाऱ्याला नसून घेणाऱ्याला, म्हणजे गाडी विकणाऱ्याला. साडेतीन लाख रोख घेणाऱ्यावर साडेतीन लाखांच्या दंडाची टांगती तलवार राहते. "आज दीड घ्या, परवा दोन देतो" ही युक्ती चालत नाही, कारण मर्यादा एका दिवसाला आहे तशीच एका व्यवहारालाही आहे. खरेदीदारानं रोकड थेट आपल्या खात्यात भरली तरी ती रोखच. त्यामुळे रोख हवीच असेल तर ती दोन लाखांच्या आत ठेवावी, बाकीची बँकेतून घ्यावी आणि नोटा बँकेच्या काउंटरवर मोजून, तपासून लगेच भराव्यात. घरच्या दिवाणखान्यात रात्री नऊ वाजता पाचशेच्या गड्ड्या मोजण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

चेकबद्दल फार लिहायला नको. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक वटण्याची पद्धत बदलली. चेक दिवसभर पुढे जात राहतात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी होय-नाही कळवावं लागतं, त्यामुळे पूर्वीसारखी दोन-तीन दिवसांची घालमेल उरलेली नाही. पण रविवारी दुपारी हातात ठेवलेला चेक हा रविवारी दुपारी कागदच असतो. तो परत आला तर चेकसंबंधीच्या 1881 च्या कायद्याचं कलम 138 आहे. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, मग महिन्याभरात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. वाचायला बरं वाटतं, पण हे सगळं चालू असताना गाडी त्याच्याकडे असते.

डिमांड ड्राफ्टवर मात्र जुन्या पिढीचा फार विश्वास. त्याला कारणही आहे: बँक आधी पैसे घेते, मग ड्राफ्ट काढते, म्हणून खरा ड्राफ्ट शिल्लक नाही म्हणून परत येत नाही. प्रश्न तो खरा असण्याचा. हुबेहूब छापलेला ड्राफ्ट शनिवारी संध्याकाळी आणायचा, "सोमवारी भरा, आज मुहूर्त आहे" म्हणत गाडी घेऊन जायचं, हा जुनाच उद्योग आहे. उपाय सोपा आहे. खरेदीदाराच्या शाखेत त्याच्यासोबत जायचं आणि ड्राफ्ट आपल्या समोर काढून घ्यायचा. शाखेत यायला जो टाळाटाळ करतो, त्याचं बाकीचं बोलणं ऐकायची गरज नाही. ड्राफ्टवर छापलेल्या फोन नंबरवर खात्री करू नये. खोटा ड्राफ्ट छापणाऱ्याला खोटा नंबर छापायला कितीसा वेळ लागतो?

मोठ्या रकमेसाठी सगळ्यात चांगली वाट आरटीजीएस. ती दोन लाखांपासून पुढच्या रकमांसाठी आहे, डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालते, आणि समोरच्या बँकेला रक्कम अर्ध्या तासात खात्यात टाकावी लागते. एकदा आलेला आरटीजीएस पाठवणाऱ्याला आपल्या मर्जीनं परत ओढता येत नाही. एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांनी जातं, त्यामुळे थोडा उशीर होतो. आयएमपीएस लगेच पोचतं, पण एका वेळी पाच लाखांपर्यंतच. यूपीआयची साधारण मर्यादा दिवसाला एक लाख, म्हणून ते विसारापुरतं ठीक. एक व्यावहारिक अडचण आधीच ओळखून ठेवावी: बऱ्याच बँका नव्यानं जोडलेल्या नावावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. तेव्हा सौदा ठरला की खरेदीदाराला आपलं खातं आदल्या दिवशीच जोडायला सांगावं आणि एक रुपया पाठवून बघायला सांगावं. नाहीतर ऐन वेळी "लिमिट आली हो, गाडी नेतो, उद्या टाकतो" हे संभाषण होतं. बिचारा खरं बोलत असतो, तरी चावी द्यायची नसते.

पैसे आलेत हे कशावरून समजायचं? इथे बहुतेकांचा पाय घसरतो. समोरचा आपला फोन दाखवतो, हिरवी टिकली, "पेमेंट सक्सेसफुल", खाली लांबलचक यूटीआर क्रमांक. अशी पडदाचित्रं बनवून देणारी नकली अ‍ॅपं फिरतात, आवाजासकट. क्रमांक कोणीही टाइप करू शकतो. खरी असली तरी ती पुढच्या तारखेला लावलेली सूचना असू शकते. तेवढ्यात आपल्या फोनवर मेसेज येतो: अमुक खात्यात चार लाख ऐंशी हजार जमा. हा मेसेज सावकाश वाचावा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तो अक्षरी नावानं येतो आणि 2025 पासून त्या नावाच्या शेवटी 'एस' किंवा 'टी' असं अक्षर असतं. खात्याचे शेवटचे आकडे बरोबर आहेत म्हणून भुलू नये, ते आपणच त्याला दिलेले असतात. त्याला माहीत नसते ती आपली शिल्लक. म्हणून खोट्या मेसेजात एक तर शिल्लक लिहिलेलीच नसते, नाहीतर तिचा मेळ बसत नाही. या सगळ्या खुणा कामाच्या असल्या तरी शेवटचा शब्द त्यांचा नाही. आपल्या फोनवर, आपल्या हातानं बँकेचं अ‍ॅप उघडायचं आणि खात्याच्या उताऱ्यात ती रक्कम बघायची, कोणाच्या नावावरून आली तेही बघायचं. अ‍ॅप नसेल तर व्यवहार बँकेच्या वेळेत शाखेतच करायचा. घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर गाडी असेल तर हे त्यांना एकदा करून दाखवावं.

विसाराच्या वेळचे फसवणुकीचे प्रकार वेगळे. सैन्यात असल्याची बतावणी करणारा, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवणारा, गाडी न बघताच भाव मान्य करणारा गृहस्थ आता बऱ्याच जणांच्या ओळखीचा झाला आहे. तो क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील" म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. दोन व्यक्तींमधल्या पैसे मागण्याच्या यूपीआय विनंत्या एनपीसीआयनं 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केल्या, पण क्यूआरची युक्ती चालूच आहे. दुसरा एक प्रकार साळसूद: "पाच हजारांऐवजी चुकून पन्नास हजार गेले, उरलेले परत करा ना." मेसेज आलेला असतो, पैसे आलेले नसतात. परत आपण खरे पैसे करतो.

पण सगळ्यात बेमालूम फसवणूक तिघांची असते आणि तीत दोघे प्रामाणिक असतात. समजा तुम्ही गाडीची जाहिरात सहा लाखांना टाकली. तिसऱ्या माणसानं तुमचेच फोटो उचलून दुसरीकडे साडेचार लाखांना जाहिरात केली. स्वस्त गाडी बघून खरा गिऱ्हाईक त्याला फोन करतो. मग तो तुम्हाला फोन करतो: "सहा लाख मान्य, गाडी माझ्या मेहुण्यासाठी घ्यायचीय, तो बघायला येईल. त्याच्याशी पैशाचं बोलू नका, आमच्यात जुना हिशेब आहे." खऱ्या गिऱ्हाइकाला सांगतो: "गाडी माझ्या भावाकडे उभी आहे, बघून या, किमतीचा विषय त्याच्याकडे काढू नका, व्यवहार माझ्याशी." दोघं गाडीपाशी भेटता, इंजिन, टायर, सर्व्हिस बुक यावर मनमोकळं बोलता, आणि किंमत सोडून सगळं बोलता. गिऱ्हाईक साडेचार लाख त्या तिसऱ्याच्या खात्यात पाठवतो आणि चावीसाठी हात पुढे करतो. तुमच्या फोनवर त्याच वेळी सहा लाखांचा खोटा मेसेज. तुम्ही चावी दिलीत तर गाडी गेली. नाही दिलीत तर समोरचा माणूस तुम्हालाच चोर समजून पोलीस बोलावतो, आणि त्याच्या बाजूनं ते बरोबरच असतं.

या सापळ्यातून सुटका एका प्रश्नात आहे, तो गाडी बघायला आलेल्या माणसाला तोंडावर विचारायचा: "तुम्ही कितीला घेताय आणि पैसे कोणाच्या खात्यात टाकताय?" आपल्याकडे असं विचारणं जरा अवघड वाटतं, विशेषतः कोणी 'आमच्यात हिशेब आहे' म्हटल्यावर. ठग आपल्या याच भिडेवर पोट भरतो. गाडी बघणारा, पैसे देणारा आणि आरसीवर ज्याचं नाव लागणार तो, हा एकच माणूस असावा. नवरा-बायको, बाप-लेक असतील तर तेही नातं कागदावर दिसू द्यावं.

पैसे खरेदीदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच घ्यायचे, याला आणखी एक कारण आहे. सायबर फसवणुकीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरवला जातो आणि त्यातला काही वस्तू घेण्यासाठी वापरला जातो. फसलेल्या माणसानं 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली की तपास त्या पैशाच्या मागोमाग जातो आणि वाटेतल्या खात्यांमधली रक्कम गोठवली जाते. गाडी विकून निवांत बसलेल्या माणसाला महिन्यानं एटीएमसमोर कळतं की आपलं खातं अडकलं आहे, तक्रार दुसऱ्याच राज्यातल्या पोलीस ठाण्यात आहे. आपण गाडी विकली, हे त्याला तिथे सिद्ध करावं लागतं. त्या वेळी कामाला येतात ते कागद: जाहिरात, विक्रीचा करार, खरेदीदाराच्या आधार-पॅनच्या सही केलेल्या प्रती, ताबा दिल्याची पावती, आरटीओतल्या अर्जाची पोच. तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांतून तुकड्या-तुकड्यांनी येणारे पैसे म्हणूनच नको म्हणावे, भाव कितीही चांगला असला तरी.

गाडीवर कर्ज बाकी असेल तर गुंता वाढतो. कर्ज फिटल्याशिवाय बँक एनओसी आणि फॉर्म 35 देत नाही, त्याशिवाय एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरत नाही, आणि एचपी उतरल्याशिवाय गाडी मोकळेपणानं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. खरेदीदाराला भीती की पैसे देऊन कागद आले नाहीत तर? तीही रास्त. अशा वेळी बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्यावं, खरेदीदारानं तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, उरलेली तुमच्या खात्यात, आणि चावी दुसरी रक्कम दिसल्यावर. कराराच्या कागदात हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत.

पैसे आले, आता सह्या. एजंट मालकी बदलाच्या टीटी फॉर्मच्या कोऱ्या संचावर सह्या मागतो. बरेच जण देऊनही टाकतात. देऊ नयेत. फॉर्म 29 आणि 30 मध्ये खरेदीदाराचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असावी, आणि ऑनलाइन अर्जाचा ओटीपी पैसे दिसल्याशिवाय सांगू नये. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यातली विक्री विक्रेत्यानं 14 दिवसांत आरटीओला कळवायची असते, खरेदीदाराला 30 दिवस असतात. विक्रेते हे खरेदीदाराचं काम समजून सोडून देतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक गाडी आली होती: मालकानं विकलेली, पुढे हातोहात गेलेली, आणि 2009 मध्ये तिच्याखाली माणूस गेलेला. कागदावरचा मालक तेव्हाही पहिलाच होता. न्यायालयानं सांगितलं, नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. डीलरला गाडी देत असाल तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार फॉर्म 29 सी भरून गाडी अधिकृत डीलरच्या जबाबदारीवर देता येते. त्याचा आग्रह धरावा.

ताबा पावतीवर तारखेसोबत वेळ लिहावी, मिनिटांसकट, आणि किलोमीटरचा आकडाही. संध्याकाळी साडेपाचला गाडी दिली आणि सहाला तिनं सिग्नल तोडला, तर दंडाचं ई-चलन आपल्या मोबाइलवर येतं. तेव्हा ती पावतीच आपली बाजू मांडते. विमा गाडीसोबत जातो, पण नो क्लेम बोनस आपला असतो, तो विमा कंपनीकडून लिहून घेतला तर तीन वर्षांत पुढच्या गाडीला वापरता येतो. पन्नास टक्क्यांपर्यंत साठलेला बोनस लोक फुकट घालवून बसतात. फास्टॅग मात्र गाडी देण्याआधी बंद करावा. तो काचेवर तसाच राहिला तर सौद्याचे पैसे चोख मिळालेला माणूसही पुढचे काही महिने दुसऱ्याच्या लोणावळा-महाबळेश्वरचा टोल स्वतःच्या खात्यातून भरत राहतो.